बाबांनी धुतलेली गाडी

धाकट्या भावाचा मला मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या पगाराचा नाही, वास्कोच्या फ्लॅटचा नाही, बायकोचा तर मुळीच नाही. बाबा त्याची गाडी धुवायचे, त्याचा.

शनिवारी संध्याकाळी तो वास्कोहून घरी, कारापूरला यायचा. वाटेवरच्या ट्रकांच्या धुळीने त्याची पांढरी गाडी दारांपर्यंत लाल झालेली असायची. रविवारी उजाडता उजाडता बाबा कानटोपी घालून अंगणात उतरत. गोव्यात थंडी नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी पौषात आमच्याकडे येऊन राहावं. माडांवरून दव टपटपत असतं आणि पायरीवर अनवाणी पाय टेकवत नाही. टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं, पण विहिरीतून ओढलेलं ताजं पाणी कोमट लागतं. म्हणून बाबा नळाला हात लावत नसत. पंच्याहत्तरी गाठलेला हा माणूस भावाच्या गाडीसाठी दहा-बारा कळशा ओढायचा, बालदीत ओतायचा आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या मुठीत धरून गाडी घासायला लागायचा. आमच्या म्हशी त्यांनी अशाच घासल्या होत्या, देवाच्या समयाही अशाच. वरवर पाणी मारणं म्हणजे धुणं, हे त्यांना कधी पटलंच नाही.

भाऊ तेव्हा गोधडीत. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस.

माझी गाडी फणसाखाली उभी असायची. ती मी धुवायची, डिचोलीला कचेरीत जायच्या आधी, नळाच्या पाण्याने. बोटं इतकी बधिर व्हायची की किल्ली फिरवताना कळायचं नाही. मी लग्न केलं नाही, घरीच राहिले. बाबांच्या गोळ्या मी देते, दवाखान्यात मी नेते, मासे खायला बसले की काटे मी काढून देते. आठवड्याचे सहा दिवस माझे, आणि कोमट पाणी मात्र सातव्या दिवशी येणाऱ्याच्या गाडीला. मुलगा तो मुलगा, असं मी स्वतःशीच म्हणायची आणि चहाचा कप ओट्यावर आपटायची. आवाज अंगणात जावा म्हणूनच आपटायची. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं.

या जानेवारीतल्या एका रविवारी मात्र मला सुख मिळालं. बाबा गाडी पुसून विहिरीकडे कळशी ठेवायला गेले होते आणि ऊन नुकतंच बॉनेटवर पडलं होतं. त्या उन्हात मला ओरखडे दिसले. एखाद-दुसरा नव्हे, काथ्याचे बारीक गोल गोल ओरखडे, बॉनेटभर, दारांभर. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. कराल लाडक्या लेकाचे लाड, म्हटलं. आता त्याला कळलं की चिडेल, बाबांना बोलेल, आणि हे रविवारचं कौतुक बंद पडेल.

भाऊ पायरीवर बसून चहात उंडा पाव बुडवून खात होता. मी चेहऱ्यावर होईल तेवढी काळजी आणली.

"गाडी बघितलीस? काथ्यान पुरी खरवडली बाबांनी."

"माका कवाच म्हायत आसा," तो म्हणाला.

"मग सांगत का नाय त्यांका?"

तो उंडा खात राहिला. संपल्यावर म्हणाला, "तू सांगलं होतंस ना, ताई. मग काय जालां?"

आता जे सांगायचं ते मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी घरी आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाबा पहाटे उठले होते. तेव्हाही थंडीच होती. मी किल्ली घेऊन बाहेर आले तर ते विहिरीच्या पाण्याने माझ्या गाडीचं दार घासत होते, सोडण घेऊन, अगदी मन लावून. मी अंगणात किंचाळले होते. "ही म्हस न्हय, बाबा. सोडा ती. तुमाला त्यातलां कळत नाय." शेजारीण कुंपणापाशी उभी होती. बाबांनी सोडण खाली ठेवलं, हात धुतले आणि आत गेले. मी डिचोलीच्या गॅरेजात नेऊन दाराला पॉलिश करून घेतलं आणि संध्याकाळी त्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. ते "बरां जालां" म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या गाडीला हात लावला नाही, आणि मी त्याला मुलगा-मुलगी असा भेद म्हणत राहिले.

भावाच्या गाडीवरही पहिल्याच रविवारी ओरखडे उठले असणार. तो बघून गप्प बसला होता. गोधडीत लोळत नव्हता, बाबांचं होईपर्यंत मुद्दाम आत राहत होता, हेही मला तेव्हाच उमगलं. त्याचा मला त्या दिवशी आधीपेक्षा जास्त मत्सर वाटला. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली आणि मला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी बाबांच्या आधी उठले. विहिरीतून चार कळशा ओढल्या, बालदी भरली, नवं सोडण सोलून त्यावर ठेवलं आणि सगळं फणसाखाली मांडलं. बाबा बाहेर आले तेव्हा बालदीतून वाफ निघत होती.

"बाबा, आज माझी धुवा," मी म्हटलं. "माका तुमच्यासारखी धुवूक जमत नाय."

त्यांनी गाडीकडे बघितलं, सोडणाकडे बघितलं. मग वाकून सोडण उचललं आणि गाडीपासून लांब, विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. खांद्यावरचा मऊ पंचा काढून माझ्या हातात दिला.

"तुजी गाडी नाजूक, बाय," ते म्हणाले. "माझो हात रखरखीत. ती तूच धू."

आवाजात राग असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. राग नव्हताच. तीन वर्षं ते माझ्या गाडीला स्वतःपासून जपत होते.