पाहुण्या गाडीची ट्रायल

कामरगावच्या स्टँडमागे चांदभाई मिस्त्रीचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजचा कायदा सरकारच्या कायद्याहून कडक. दुरुस्त केलेली गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय चांदभाई ती कुणाच्या हवाली करत नाही, मग ती काळीपिवळी असो की ट्रॅक्टर. एकदा तर नवरदेवाची गाडी त्यानं अडवून धरली. वरात तासभर खोळंबली, पण ट्रायल झाली. गिऱ्हाइकं बोटं मोडतात आणि पुन्हा त्याच्याकडेच येतात.

अशा माणसाच्या दारात त्या दिवशी निळी स्कायलाइन येऊन उभी राहिली. अस्सल जपानी स्पोर्ट्‌स कार! हिचे व्हिडिओ पाहता पाहता चांदभाईची किती जेवणं थंड झाली असतील, ते त्याच्या बायकोला विचारा. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"या अल्ला, हे खरीच हाय का?"

खरीच होती. कारंज्याच्या कांतीलाल शेठची पुतणी खुशबू लग्नानंतर ऑस्ट्रेलियात राहायला गेली होती. तिकडची आपली लाडकी गाडी तिनं जहाजात घालून माहेरी आणली होती. गावातल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, सायलेन्सरचा पाइप जोडातून तुटला आणि गाडी थ्रेशरसारखी बोंबलायला लागली.

चांदभाई गाडीखाली सरपटला. वेल्डिंग चालू आणि तोंडही चालू.

"बेटा, हे गाडी इथंच ठेव ना. मी पाहीन तिले."

"ठेवता येत नाही, चांदभाई. परदेशातली वापरलेली गाडी इथं आणून ठेवायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. ही पंचवीस वर्षांची. मला सहा महिन्यांची मुभा आहे, मग परत न्यायची."

"म्हंजे पाहुनी हाय म्हना ना!"

जोड लागला. चांदभाईनं हात पुसले, चपला काढल्या आणि नेहमीच्या सवयीनं थेट स्टिअरिंगवर जाऊन बसला. अनवाणीच, कारण गाडीचं दुखणं कानाआधी तळपायाला कळतं असं त्याचं म्हणणं. त्यानं चावी फिरवली. इंजिन असं गुरगुरलं की गोळा झालेली माणसं दोन पावलं मागे सरली. चांदभाईनं पहिला गिअर टाकला.

"थांबा, थांबा!" खुशबू धावत आली. "मी विसरलेच! या सहा महिन्यांच्या परवान्यावर इथल्या माणसानं गाडी चालवायची नाही. पकडलं तर जप्त होईल."

"अबे, घेऊन पय!" काळीपिवळीवाला फुलसिंग गर्दीतून ओरडला. "इथं कोन पाहून राह्यलं?"

खुशबूनं चांदभाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिलाच कसंसं झालं. "जाऊ द्या, चांदभाई. एक चक्कर मारून या. एवढ्यानं काय होतंय?"

चांदभाईचा हात गिअरवरून निघेना. जावंसं इतकं वाटत होतं की त्याला त्या तीन वर्षांच्या नियमाचा, जहाजाचा, सगळ्यांचाच राग आला. मग त्यानं इंजिन बंद केलं.

"पंचवीस वर्षं टिकलेली गाडी माह्या हौसेपायी सरकारजमा झाली, तर मले झोप नाई येनार, बेटा. पन ट्रायलबिगर बी मी सोडनार नाई. तू चालव. मी बाजूले बसतो."

तो डाव्या सीटवर बसला, दोन्ही तळपाय खाली सपाट टेकवले आणि डोळे मिटले. धनजच्या रस्त्याला लागल्यावर खुशबूनं दुसरा टाकला, तिसरा टाकला. चांदभाईची पाठ सीटला चिकटली, तळपाय मात्र जोडाची थरथर शोधत राहिले.

"अजून दाब!" चांदभाई ओरडला. "दाब बेटा, दाब!"

परत आल्यावर फुलसिंगनं चिडवलंच. "काय मंग, मिस्त्री? चालवाले नाईच भेटली ना?"

"नाई भेटली," चांदभाई म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. त्यानं फुलसिंगचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. "पन जोड हालला नाई, फुलसिंग! जरासाबी नाई!"