काकूंनी बंद केलेली जाळी

"शेख, तुमी बसवलेल्या गिझरानं आमची मंडळी पडली."

महालिंगअप्पा आमच्या गॅस एजन्सीच्या दारात उभे होते. अंबाजोगाईत त्यांचं भांड्यांचं दुकान. माणूस कधी टोपीशिवाय दिसायचा नाही. त्या सकाळी टोपी नव्हती, पायात चप्पलही नव्हती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अंघोळीला गेल्या, पाण्याचा आवाज येत राहिला, पण त्या ओ देईनात. अप्पांनी खांद्यानं दार पाडलं. आता काकू सरकारी दवाखान्यात होत्या, ऑक्सिजन लावलेला.

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "लीक ठेवलंस का बे?"

मी सायकल काढली.

तेव्हा गावात गॅसचे गिझर नवेच आले होते. बटण दाबायचं काम नाही. नळ सोडला की आत जाळ पेटतो आणि पाणी तापतं. अप्पांच्या घरचा मीच दोन महिन्यांपूर्वी बसवला होता. सिलिंडर बाहेर अंगणात, गिझर बाथरूममध्ये.

रेग्युलेटर बंदच होता. दारं उघडून आधी वास घेतला. नाही आला. मग गॅस चालू करून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावलं. लीक असेल तर बुडबुडे येतात. एकही आला नाही. हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

मग वर बघितलं. भिंतीतल्या हवेच्या जाळीत जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट कोंबला होता. मोरीच्या तोंडालाही फडकं होतं.

"हे कुणी लावलं, अप्पा?"

"मला म्हाईत न्हाई. मी बघितलंच न्हाई कदी."

जाळ पेटायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत ती पुरत नाही, आणि अर्धवट जळण्यातून विषारी गॅस तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. ह्याला वास नसतो. माणसाला चक्कर येते, आणि कडी काढायचं भान राहत नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बसवतानाच्या फॉर्मवर अप्पांची सही हाय ना? मग आपला काय संबंध?"

सही होती. 'जाळी बंद करू नये' ही ओळही छापलेली होती. तरी दुपारी मी दवाखान्यात गेलो.

काकू शुद्धीवर होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"काकू, जाळी तुम्ही बुजवली?"

त्यांनी आधी अप्पांकडे बघितलं. "पलीकडच्यांनी जिना बांधलाय. चढता-उतरता आतलं समदं दिसतंय. लई कानकोंडं व्हायचं. कुणाला सांगावं?"

"ती उघडी ठेवायची, हे माहीत नव्हतं?"

"तुमी बैठकीत ह्यांना सांगत हुते. मी आत हुते."

अप्पा खालमानेनं म्हणाले, "मला सांगायचं व्हतं. ऱ्हाऊन गेलं." मग काकूंकडे वळून, "जिन्याचं तरी सांगायचं व्हतं ना मला."

काकूंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

चार दिवसांनी त्या घरी आल्या. त्याआधी मी गिझर काढून मागच्या ओसरीत, उघड्यावरच्या भिंतीला लावला. नुसता गरम पाण्याचा पाइप आत घेतला. आता जाळ बाहेर, अंघोळ आत. खरं तर पहिल्याच दिवशी तसं करता आलं असतं. पाइप जास्त लागतो म्हणून केलं नव्हतं. जाळी बंद केली तरी आता धोका नव्हता, म्हणून जिन्यावरून दिसू नये यासाठी तिच्यावर अप्पांनी स्वतः पत्रा ठोकला. आपला संबंध नाही म्हणूनही मी हे केलं, म्हणून मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं मी गिझर बाथरूममध्ये बसवायचाच बंद केला. आणि फॉर्म भरायच्या आधी विचारू लागलो, घरात अंघोळीला कोण कोण आहे? लोक हसायचे. मी म्हणायचो, सगळ्यांना बोलवा, मग सांगतो. काही घरांत बायका दाराआडूनच ऐकायच्या. तेवढ्यावरही माझं भागायचं, फक्त आवाज जरा मोठा ठेवावा लागायचा.