जमादारांची गिनती

जमादारांना शिसारी येणार नाही अशी वस्तू ब्रह्मदेवानं अजून घडवली नव्हती. दुधावरची साय, लग्नातलं अत्तर, पुढाऱ्याच्या गळ्यातला हार, औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराचं हसू, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा: "थू!" हा थू छावणीत सुटला की पाणचक्कीवरची कबुतरं उडत.

पोलीस ॲक्शननंतर ते जेलात शिपाई म्हणून लागले होते. शिव्या मात्र निजामाच्या अमदानीतल्या, अस्सल रेशमी. रिटायर झाल्यावर त्यांनी छावणीतलं आपलं घर जेलातून सुटलेल्या, कुणीच दारात उभं न केलेल्या माणसांना उघडं केलं. कामधंदा लागेपर्यंत राहा, भाकरी खा, मग चालू पडा. मी नवा मास्तर. औरंगाबादेत खोली मिळेना म्हणून त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. त्या घराची आठवण काढली तरी आजही मी अंग खाजवायला लागतो. ढेकूण असे, की थंडीत आमची चादर ओढून घेत. वरणातली डाळ शोधायला पाणबुड्या लागला असता. आणि विड्यांचा, पायताणांचा, ओल्या घोंगड्यांचा वास गल्लीच्या तोंडाशी असा ठाण मांडून बसलेला असे, की रिक्षावाले तिथंच म्हणत, "उतरो मास्टर, आगे गाडी नई जाती."

पण खरी घाण घरात नव्हती. ती इस्त्रीच्या कपड्यांत दारावर यायची. एकदा गल्लीतले चार सभ्य गृहस्थ आले. "जमादार, घरात चोर ठेवता?"

"व्हय. तुमच्या घरातले अजून सापडले नाहीत, एवढाच फरक. थू!"

जमादारांना सगळ्यात जास्त किळस होती ती संध्याकाळची. सूर्य बुडता बुडता लष्कराचा बिगुल वाजे, आणि त्यांची ती दांडगी माणसं हातातलं काम टाकून अंगणात जोडीजोडीनं उकिडवी बसत. जेलातल्या गिनतीची सवय! मोजल्याशिवाय कुणी उठत नसे. एकदा जमादार मुद्दाम बाहेर निघून गेले, तर भाकरी करपून कोळसा झाली, तरी एक माणूस हलला नाही. शेवटी रोज त्यांनाच तोंड वाकडं करून मोजावं लागे. "पेन्शन खातोय तरी ड्यूटी सुटंना! गिनती पूरी. उठा, थू!"

त्यातच देवगाव रंगारीचा धोंडिबा आला. मेंढरं चारण्यावरून झालेल्या मारामारीत माणूस मेला, त्याची जन्मठेप भोगून सुटलेला. त्याला एकच ध्यास: आई हयात आहे तोवर घरी जायचं. थोरला भाऊ न्यायला येणार म्हणून निरोप आला, तेव्हा धोंडिबानं इतकी दाढी केली की गाल पारदर्शक झाले.

भाऊ आला तो नाकाला उपरणं लावूनच. तरी मटणाचा रस्सा मात्र उपरणं बाजूला सारून दोनदा मागून घेतला. ओरपता ओरपता सांगून गेला की धोंडिबाच्या वाट्याचं रानही तोच कसतो. हात धुतल्यावर म्हणाला, "पोरीची सोयरीक जमतीया. तू आला की मोडती. इथंच ऱ्हा."

"आण्णा, मायला नुस्तं बघून येतो."

"तिला सांगितलंय, तू आतच मेला."

तेवढ्यात बिगुल वाजला. माणसं बसली. त्या दिवशी त्यांची संख्या विषम होती. धोंडिबा शेवटी एकटाच, गुडघ्यांवर हात ठेवून. शेजारी जागा मोकळी. भाऊ खो खो हसला. "ह्याला गावात नेऊ?"

जमादार थुंकले नाहीत, हे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं. ते गुडघे कडकडवत अंगणात उतरले आणि धोंडिबाशेजारी, शेणमातीत, उकिडवे बसले. "पाव्हणं, पोट भरलं असंल तर निघा."

भाऊ गेला. माणसं अजून उकिडवीच. धोंडिबा पुटपुटला, "जमादार, आता मोजायचं कुणी?"

"कुणी नाय. ऊठ."

धोंडिबा उठला. त्याच्यामागं एकेक जण उठला. जमादारांना मात्र उठता येईना. धोंडिबानं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

पुढं जमादारांनी अंथरूण धरलं, तेव्हाही रोज त्यांना तोच उठवून बसवायचा.