यील्ड शून्य

"मॅडम, आज पण नाय आलं," कल्याणी म्हणाली आणि तिने बीकर माझ्या टेबलावर ठेवला.

बीकरमधलं मिथेनॉल पाण्यासारखं स्वच्छ होतं. ही तिची चौथी खेप. परवा प्रॅक्टिकलची परीक्षा, बाहेरून परीक्षक येणार, आणि जर्नलमध्ये यील्डची जागा रिकामी.

प्रयोग साधा आहे. स्टायरीन नावाचं एक पातळ रसायन असतं. त्याचे सुटे रेणू हजारोंनी एकमेकांना जोडले की पॉलिस्टायरीन होतं, म्हणजे ज्याचा थर्माकोल बनवतात ते. सुरुवात करून द्यायला चिमूटभर पेरॉक्साइड घालतात. त्याला आम्ही इनिशिएटर म्हणतो. मग काही तास गरम करायचं आणि मिथेनॉलमध्ये ओतायचं. पॉलिमर झालं असेल तर फाटलेल्या दुधासारखे पांढरे गोळे दिसतात. ते वाळवून वजन करायचं. घेतलेल्या स्टायरीनपैकी किती टक्क्यांचं पॉलिमर झालं, ते यील्ड.

मी नाशिकच्या एका कॉलेजात एमएस्सीला पॉलिमर केमिस्ट्री शिकवायचे. त्या वर्षी हा विषय घेणारी कल्याणी एकटीच. बाकी सगळे ऑरगॅनिकला गेले, नोकऱ्या तिकडे म्हणून. माझ्या जोडीचे सर रिटायर झाले आणि ती जागा भरलीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच. ती सायखेड्याहून एसटीने यायची, फारसं बोलायची नाही. ती तीनच्या गाडीला गेली की पाचपर्यंत मी आणि एक्झॉस्टचा पंखा. डबासुद्धा मी तिथेच एकटी खायचे. एवढी वर्षं मुलांच्या गलक्यात काढल्यावर ती शांतता मला सहन होत नसे, आणि तो राग कधीकधी कल्याणीवर निघे.

"स्टायरीन नीट धुतलंस का?" मी विचारलं. बाटलीतल्या बाटलीत ते घट्ट होऊ नये म्हणून कंपनी त्यात इनहिबिटर घालते. तो आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो.

"तीनदा धुतलं, मॅडम. मग पाण्यानं. सुकवलं पण."

"मग हात चालत नसेल तुझा. नाचता येईना अंगण वाकडं!"

तिने बीकर परत उचलला. सातपूरच्या एका कंपनीने तिला लॅबच्या नोकरीसाठी बोलावलं होतं. अट फर्स्ट क्लासची होती आणि तिचे मार्क अगदी काठावर होते. हे मला माहीत होतं. मला माझीच लाज वाटली. मी कपाटातून मागच्या बॅचचं जर्नल काढलं.

"हे बघ, एक्क्याऐंशी टक्के. तू अठ्ठ्याहत्तर लिही."

आमच्याकडे यात नवीन काही नाही. जर्नल सीनियरकडून ज्युनियरकडे जातं, आकडा थोडा इकडेतिकडे करून उतरवला जातो. कल्याणीला ना सीनियर ओळखीचा, ना शेजारी बसणारं कोणी.

तिने पान वाचलं. "यांचं पॉलिमर तुम्ही पाह्यलं होतं का, मॅडम?"

विचारण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पाहिलं नव्हतं. वीस-वीस मुलं असायची. मी खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि शेवटी सही करायचे. तिने जर्नल बंद करून मला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रयोग मी स्वतः केला, कित्येक वर्षांनी. दुपारी मिथेनॉलमध्ये ओतलं. स्वच्छ पाणी!

तेव्हा कुठे मी पेरॉक्साइडच्या बाटलीकडे बघितलं. ती फ्रिजमध्ये ठेवायची असते. लॅबचा फ्रिज कधीचाच बंद, त्यात कोऱ्या उत्तरपत्रिका. बाटली कपाटात बरेच उन्हाळे खाऊन बसलेली. पेरॉक्साइड चांगलं असेल तर पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर तपकिरी रंग येतो. कल्याणीने टेस्ट लावली. आम्ही दहा मिनिटं थांबलो. रंग आला नाही.

बाटली कोणत्या वर्षी मेली कोणास ठाऊक. जर्नलमधल्या आकड्यांवरून कळायला मार्गच नव्हता. ते दरवर्षी ऐंशीच्या आसपास होते. नवी बाटली मागवायची तर तीन कोटेशनं लागतात. परीक्षा उद्यावर होती.

परीक्षकांनी जर्नल चाळलं. "पाच प्रयत्न आणि यील्ड शून्य?"

"हो सर. चार माझे, एक मॅडमचा. इनिशिएटर खराब होता. टेस्ट पुढच्या पानावर हाय."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मग मागच्या बॅचला कसं आलं?"

'तेव्हा बाटली नवी होती' हे अगदी तोंडाशी आलं होतं. कल्याणी माझ्याकडे बघत होती.

"आलं की नाही मला माहीत नाही, सर. मी न बघता सह्या केल्या."

त्यांनी जर्नल मिटलं. मग म्हणाले, "हिची व्हायवा उत्तम झाली. पण यील्डचे दहा मार्क मला देता येत नाहीत. पॉलिमरच नाही."

"आणि जे नुसतं लिहून आणतात त्यांना?" मी विचारलं.

"त्यांना देतोच की," ते म्हणाले.

कल्याणीचा फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला. सातपूरची नोकरीही गेली. ती अंबडच्या एका पाइपच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून टेस्टिंगला लागली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पुढच्या वर्षी पॉलिमरला एकही ॲडमिशन नाही. मला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स दिली.

पेरॉक्साइड जुलैत आलं. ते वापरणारं कोणी नव्हतं. एका दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन एकटीनेच प्रयोग लावला. पांढरे गोळे दिसले तेव्हा दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. वाळवून वजन केलं. बासष्ट टक्के. कल्याणीला फोन लावला तर ती शिफ्टवर होती. संध्याकाळी तिचा आला.

"गरम किती तास केलं, मॅडम?"

"चार."

"सहा करायचं ना. बासष्ट लय कमी हाय."

मी रिकाम्या घरात मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसले.

आता पहिल्या वर्षाच्या मुलांच्या टेबलाशी मी उभी राहते. पाय दुखतात. धडा एवढाच की न बघता सही केली की मार्क कापले जातात, आणि ते सही करणाऱ्याचे नसतात.