दोन्ही उत्तरं होय

दुष्काळात भूम तालुक्यातल्या गावांत पाण्याची सोय कशी आहे, हे विचारणारा फॉर्म मीच तयार केला होता. एका गावात विहिरीपासून दहा पावलं लांब एक म्हातारी बसली होती. रिकामी, लख्ख घागर पुन्हा पुन्हा पदरानं पुसत होती. मी तिलाच विचारलं.

"गावात विहीर आहे?"

"व्हय."

"पाणी आहे?"

"हाय की."

मी दोन्हीकडं 'होय'वर खूण केली. "मग आजी, तुम्ही भरत का नाही?"

"आमी हिरीला शिवायचं न्हाय. कुणी वरनं वतंल तवा भरंल. सकाळधरनं बसलीया." मग माझ्या कागदाकडं बघत म्हणाली, "ह्ये बी लिवा की."

त्याला रकाना नव्हता. गाव 'सोय आहे' यात गेलं.

फॉर्म सुटसुटीत आहे, असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षी तोच पुन्हा छापला. प्रूफ मीच तपासलं.