गिरणीवाल्या काकूला चांदीची लगड

माझ्या सासूबाई शालूबाई यांना टीव्हीवरच्या नायक-नायिकेचं कधीच काही वाटलं नाही. नायिका रडायला लागली की त्या उठून मेथी निवडायला जातात, आणि मागच्या दारानं चहाचा ट्रे घेऊन येणारा नोकर दिसला की मेथी तशीच टाकून परत येऊन बसतात. "ह्याच्याकडं बघ," म्हणतात. "आज ह्याला काय तरी सुचलंय."

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. हे वेड त्यांना विट्यात नाही, सेलमला लागलं. आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईवर उभी आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हे काम, आणि त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलेली. लग्न झाल्यावर सासरे जोतिबामामा आत्यांना घेऊन तिकडं तमिळ मुलखात गेले. पुढं दुकान, मागं एक खोली, भट्टीची धग आणि तेजाबाचा घशात बसणारा वास. आत्यांना तिथली भाषा येत नव्हती. शेजारणी यायच्या, हसून बघायच्या, जायच्या. मग मामांनी कुणाकडून तरी जुना टीव्ही आणला. त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून आत्या आवाज बारीक करून नुसत्या बघत बसायच्या. एका मालिकेत नायकाचा एक मित्र होता, सायकलवाला. त्याची चेन सारखी पडायची.

"चेन पडली की त्यो चेनीकडं बघायचा," आत्या अजून सांगतात. "रागानं न्हाई. मैत्रीन रुसल्यावर बघावं तसं. त्या मुलखात मी पयल्यांदा हासले ती तवा."

दुकान माझ्या नवऱ्याच्या हाती देऊन दोघं विट्याला परत आले. मुलांच्या शाळेसाठी मीही इथंच राहिले. आता घरात मराठी वाहिन्या आहेत, पण आत्यांची सवय गेली नाही. टीव्हीचा आवाज कानाला जेमतेम लागेल एवढाच. आणि दर दिवाळीला त्या आपली बक्षिसं जाहीर करतात. मालिकांतल्या विनोदी दुय्यम भूमिकांची बक्षिसं! नात्यातल्या गलाईवाल्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यात कुणी अमृतसरला, कुणी गुवाहाटीला. त्या सगळ्यांना आत्यांचा आवाजी निरोप जातो. नियम पक्के: नायकाला मिळणार नाही. स्वतःच्याच विनोदावर हसणाऱ्याला मिळणार नाही. बायकोला मारून हसवणाऱ्याला तर नाहीच नाही. निरोप गेला की चार प्रांतांत भांडणं लागतात आणि आत्या खुशीत लाडू वळतात.

गेल्या वर्षी मात्र त्या खुशीत नव्हत्या. एका वाहिनीचा पुरस्कार सोहळा लागला होता. "सर्वोत्कृष्ट विनोदी सहायक भूमिका" म्हणून ज्याचं नाव पुकारलं, तो मालिकेत नायकाचा मोठा भाऊ होता. आत्या ताडकन उठल्या.

"ह्यो सहायक? प्रत्येक भागात ह्याचंच थोबाड! आनि माझी गिरणीवाली?"

त्यांची गिरणीवाली म्हणजे 'चिंचेखालचं बिऱ्हाड' या मालिकेतली पिठाच्या गिरणीची काकू. अंगानं जाड, पिठानं माखलेली, डबा कमरेवर घेतलेली. आठवड्यातून दोनदा दारात यायची, दोन वाक्यं बोलून जायची. हे काम पायल वाघमारे नावाची नटी करायची.

"ते न्हाईत देत तर मी देते," आत्या म्हणाल्या.

मामा पेपरातून वर बघत म्हणाले, "तू देतीस दर वरसाला. फोनवर."

"फोनवर न्हाई. हातात देनार. तुमी भट्टी पेटवा."

"आगं, हासण्याला कुनी कस लावतं व्हय?"

"मी लावलाय. तुमी नुसती चांदी गाळा."

मामांनी दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी आत्यांनी आपली झिजलेली जोडवी आणि एक मोडका करंडा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मामांनी परसात छोटी भट्टी लावली. त्यातून बोटाएवढी चांदीची लगड निघाली. तिच्यावर त्यांनी एकेक अक्षर ठोकून 'गिरणीवाली' असं उमटवलं. ठोकताना 'र' जरा तिरका गेला, तर त्यांनी सगळी लगड पुन्हा वितळवली. हे काम त्यांनाही पटलंय, ते मला तेव्हा कळलं.

मालिकेचं चित्रीकरण साताऱ्याच्या पुढं, वाईच्या वाटेवरच्या एका शेतघरात चालायचं. मी गाडी काढली. फाटकावरच्या माणसानं काच खाली करायला लावली.

"पास हाय का?"

"बक्षीस हाय," आत्या म्हणाल्या.

त्यानं आत सोडलं नाही. आत्या गाडीतून उतरल्या आणि फाटकासमोरच्या बांधावर बसल्या. ऊन चढलं. मी परत जाऊ म्हटलं, तर त्यांनी पिशवीतली भाकरी काढून मला दिली. शेवटी फाटकावरच्याच माणसाला राहवलं नाही. तो आत जाऊन सांगून आला, आणि जेवणाच्या सुट्टीत पायल बाहेर आली. पडद्यावर पन्नाशीची दिसणारी ती बाई तिशीचीसुद्धा नव्हती. केसांना पीठ, पायांत रबरी चपला. मूळची आटपाडीकडची, म्हणजे आमच्याच बाजूची.

आत्यांनी सगळं सांगितलं आणि लगड पुढं केली. पायलनं हात मागं घेतला.

"मावशी, राग मानू नका. विनोदी म्हणून मला काय नको."

"का गं?"

"मी दारात आले की मागं ढोल वाजवतात. खुर्चीत बसले की करकर आवाज टाकतात. माझ्या अंगाला हसतात लोक. त्यात मी काय केलं? नाटकात काम करायचं म्हणून घर सोडलं मी. हे घेतलं तर तेच खरं धरल्यासारखं होईल."

तेवढ्यात आतून हाक आली. ती नमस्कार करून निघून गेली.

परतीच्या वाटेवर रहिमतपूर मागं पडेपर्यंत आत्या पिशवीतली लगड चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "ढोल वाजतो व्हय गं?"

"हो, आत्या."

"मला कसा ऐकू आला न्हाई?"

घरी आल्या आल्या त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितला. मी मोबाइलवरचे जुने भाग मोठ्या पडद्यावर लावून दिले. गिरणीवाली दारात आली आणि ढोल वाजला. ती बसली, करकर झाली. मागून हसणाऱ्यांचा गलका. आत्यांचा चेहरा उतरत गेला. मामा म्हणाले, "सोड आता. तिला नको असंल तर जबरदस्ती हाय काय?"

आत्यांनी रिमोट घेऊन आवाज पुरा बंद केला आणि तेच भाग पुन्हा पहिल्यापासून बघितले. सगळे. मग माझ्याकडं वळल्या.

"गुरवारी गाडी काढशील?"

या खेपेला फाटकावरच्या माणसानं आम्हाला ओळखलं. पायल एका झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. आम्हाला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"बक्षीस न्हाई आनलं," आत्या आधीच म्हणाल्या. "तू म्हनलीस ते खरं हाय. ढोल वाजतो. पर मी कवाच ऐकला न्हवता. मी आवाज बारीक करून बघती, सेलमपासनं. संयोगिता, दाव तिला."

मी फोनचा आवाज बंद करून तो प्रसंग लावला. घरातलं लग्न मोडलेलं असतं. सगळे रडत असतात. गिरणीवाली दळणाचा डबा घेऊन दारात येते आणि कुणाचंच लक्ष नसतं. आत यावं का जावं, तिला कळत नाही. डबा या कमरेवरून त्या कमरेवर घेते. खाली ठेवायला वाकते, पुन्हा उचलते. नायिकेच्या आईकडं बघते. मग डबा उंबऱ्याच्या आत अलगद सरकवून, आवाज होऊ नये म्हणून झाकणावर हात दाबून धरते, आणि तशीच वाकलेली काहीतरी बोलून निघून जाते.

"हितं मी हासले," आत्या म्हणाल्या. "आनि हासता हासता डोळ्यांत पानी आलं. ह्यात तुजं अंग कुटं हाय? लोकांच्या दुःखात आपलं दळान घिऊन उबं ऱ्हायलेलं मानूस हाय ते. मी सेलमला तशीच उबी ऱ्हायले हुते. शेजारीन वारली तवा. काय बोलावं ते येत न्हवतं."

पायलनं फोन हातात घेतला. तोच प्रसंग तिनं पुन्हा लावला, आवाज बंदच ठेवून.

"काय बोलले होते मी तिथं, माहीत आहे?" ती मला म्हणाली. "'बारीकच दळलंय.' ते वाक्य लिहिलेलं नव्हतं. झाकणावर हात ठेवायलाही कुणी सांगितलं नव्हतं."

"मग ते कुनी केलं?" आत्यांनी विचारलं.

पायल हसली. "मी केलं, मावशी."

"मग बक्षीस तुजंच."

पायलनं दोन अटी घातल्या. 'विनोदी'च्या मागं-पुढं 'जाडी' असलं काही लावायचं नाही, आणि स्टेजवर तिला गिरणीवालीसारखं चालून दाखवायला कुणी सांगायचं नाही. आत्यांनी कार्यक्रम घेणाऱ्या आपल्या बचत गटाच्या बायकांना दोन्ही गोष्टी बजावून सांगितल्या. विट्यात आमच्या गल्लीतल्या मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम झाला. मामांनी पांढरी टोपी घातली होती. हार झाले, चहा झाला, आत्यांनी लगड पायलच्या हातात दिली आणि माइकवर एवढंच म्हणाल्या, "हिनं आमाला हासवलं, पर कुनाला खाली पाडून न्हाई." गुवाहाटीपर्यंत सगळ्यांनी फोनवर बघितलं. नंतर पायल आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवली आणि मामांकडून लगड कशी ओततात ते नीट समजून घेतलं.

दोन-तीन महिन्यांत मालिकेतून गिरणीवालीला गावी पाठवून दिलं. पायलचा आत्यांना फोन आला. आवाज खचलेला नव्हता. सांगलीच्या एका हौशी मंडळाच्या नाटकात तिला मोठं काम मिळालं होतं. मुलगा सैन्यात गेलेली आई. हसण्याचं त्यात काही नव्हतं.

आम्ही तिघं सांगलीला गेलो. आत्यांनी पुढच्या रांगेची तिकिटं काढायला लावली होती. पडदा उघडला, पायल साध्या लुगड्यात रंगमंचावर आली, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओळखून मोठ्यानं म्हणालं, "आरं, गिरणीवाली!" चार-सहा माणसं हसली. पायल थबकली. क्षणभरच, पण मला दिसलं.

आत्या खुर्चीतून उठल्या. पाठ रंगमंचाकडं करून उभ्या राहिल्या आणि त्या रांगेकडं बघत राहिल्या. मामांनी त्यांचा पदर ओढला, तरी त्या बसल्या नाहीत. मागचं हसू हळूहळू विरलं. कुणीतरी खोकलं. नाट्यगृह पुरतं शांत झालं, तेव्हा आत्या वळल्या, खाली बसल्या आणि पायलकडं बघून मान हलवली.

पायलनं दम घेतला आणि पहिलं वाक्य बोलली.