कडू दुधी

मुलामुलींच्या त्या वसतिगृहात तिला सगळे मावशीच म्हणत. स्वयंपाक तिचा आणि मागच्या अंगणातला भाजीचा मळाही तिचाच. मुलांना हाताशी घेऊन ती वाफे करायची, बी टोकायची, वेल मांडवावर चढवायची. एरवी भाजीला नाक मुरडणारी पोरं आपण लावलेलं म्हटलं की ताट चाटूनपुसून साफ करायची.

एका वर्षी तिला ताप आला. उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि वासाची जाण घेऊन गेला. फोडणी जळली तरी धूर दिसेपर्यंत कळेना. तिने कुणाला सांगितलं नाही, घरी लेकीलाही नाही. हात सरावलेला होता, मीठ-तिखट अंदाजाने पडत होतं. स्वयंपाकिणीने चव गेल्याचं सांगायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

पुढे मांडवाला दुधी लागले. मुलांनी ते हौसेने उतरवले. सगळे फरशीवर बसून सोलू-चिरू लागले. दुधीची फोड आधी चाखायची, कडू निघाला तर टाकून द्यायचा, कारण तो पोटात विषासारखा भिनतो, हे तिनेच मुलांना शिकवलं होतं. तिने फोड तोंडात टाकली, चावली, गिळली.

"चांगला आहे. चिरा."

बडबडी नावाने ओळखली जाणारी एक पोर होती, तोंडाला कुलूप नसलेली. तिनेही एक फोड चावली आणि तिथेच थुंकली.

"शी! कडूजहर आहे! मावशी, तू खोटं का सांगितलंस?"

मावशीचा चेहरा उतरला. पोरीला तिने पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली, फोडी गोळा करून खड्ड्यात पुरल्या. मग खाली बसली आणि म्हणाली, "खोटं नाही गं. मला कळलंच नाही."

पोरीला काही झालं नाही. मावशीला मात्र दुपारी उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. वसतिगृहाच्या बाई भेटायला आल्या, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर चुलीपाशी ठेवलं असतंत?"

"नसतं ठेवलं," बाई म्हणाल्या.

तसंच झालं. चुलीपाशी नवी बाई आली, मावशीकडे मळा राहिला. सुरुवातीचे दिवस ती स्वयंपाकघराकडे पाठ करूनच खुरपायची. मुलं येऊन शेजारी बसायची, फारसं बोलायची नाहीत. बडबडीसुद्धा.

चव काही परतली नाही. एका सकाळी बडबडीने पिकलेला टोमॅटो तोडला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मावशीच्या हातावर ठेवला.

"आधी आंबट लागतो. मग मागून गोड."

मावशीने तो सावकाश चावला.

"मग ह्या झाडाचं बी धरू या," ती म्हणाली.